चामड्याला भोक पडले म्हणून मजुरीला कात्री का?



रेल्वेच्या किंवा टपालखात्याच्या वसाहतीत शिलाई मशीन नसलेले क्वार्टर शोधूनच काढावे लागेल. मुलांचे युनिफॉर्म, शेजारणींचे ब्लाउज, साडीचे फॉल या मशीनवर होत आले आणि पगाराची शेवटची दहा तारीख या मशीननेच ओढून नेली. रायपूरच्या आमच्या वस्त्यांत आता तिच्यावर कापडाबरोबर चामडेही चढू लागले आहे. शेळीमेंढीचे हे चामडे दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत एवढेच जाड असते आणि हाताला मऊसूत लागते. पाकिटे, पाऊच, पर्सचे आतले कप्पे त्याचे होतात. ठेकेदाराचा माणूस कापलेले तुकडे गठ्ठ्याने टाकतो, शिवलेला माल मोजून नेतो आणि नगावर मजुरी देतो. मजुरी वाढवा म्हटले की त्याचे एकच उत्तर असते, "भाभी, ये तो फुरसत का काम है."

हे फुरसतीचे काम म्हणजे काय, ते आधी नीट पाहू.

कापडातून सुई निघाली की धागे पुन्हा जवळ येतात. शिवण चुकली तर उसवावी आणि परत घालावी. चामड्याला ही मुभा नाही. सुई जिथे घुसली तिथले भोक कायमचे राहते, म्हणून प्रत्येक टाका पहिल्याच वेळी बरोबर पडावा लागतो. कापडाची सुई चालत नाही, कापत जाणाऱ्या धारदार टोकाची चामड्याची सुई लागते. टाका लांब ठेवावा लागतो, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाका घातला तर भोके शेजारी शेजारी पडतात आणि चामडे कागदी तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. सुती दोरा चामड्यातल्या रसायनांनी कुजतो, म्हणून पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा लागतो. टाचणी लावायची सोय नाही, कारण तिचेही भोक राहते. तिथे चिमटे लावायचे. मशीनचा दाब सैल करायचा, नाहीतर खालचे दाते चामड्यावर वळ उठवतात. वरचा पाय चामड्याला चिकटू लागला की पातळ कागद घालून शिवायचे आणि मग तो कागद फाडून काढायचा. शेवटी उलटी शिलाई मारून टाका पक्का करता येत नाही. दोऱ्याची टोके मागे ओढून हाताने गाठ मारायची. कोपऱ्यावर पाय थांबवून चाक हाताने फिरवायचे, एकेक टाका मोजत.

एवढे जिला जमते ती कुशल कामगार आहे. वर्कशॉपमध्ये असे काम करणाऱ्याला आपण फिटर म्हणतो, त्याची ट्रेड टेस्ट घेतो आणि त्याला ग्रेड देतो. तेच काम स्वयंपाकघराच्या दाराशी बसून केले की त्याची फुरसत कशी होते, हा आमचा सवाल आहे.

आता खर्च कोणाचा ते पाहा. मशीन तिचे, सुई तिची, दोरा तिचा, वीज तिची, जागा तिची. कडा दुमडून चिकटवायचे सोल्युशनही पुष्कळदा तिनेच आणायचे. त्या सोल्युशनच्या वाफा खोलीत कोंडतात. त्यात हेक्झेन नावाचा द्रव असला तर दीर्घकाळ श्वासावाटे जाऊन हातापायांच्या नसा निकामी होतात. जपान आणि इटलीतल्या चपला-बुटांच्या कामगारांत हे गेल्या शतकातच दिसून आले आहे. कारखान्यात निदान पंखा मागता येतो, इन्स्पेक्टर बोलावता येतो. क्वार्टरच्या खोलीत त्याच वाफेत लेकरू झोपलेले असते.

आणि या सगळ्यावर नापास माल! एक टाका वाकडा गेला की नग नापास, त्याची मजुरी नाही आणि वर चामड्याची किंमत कापायची. हिशेब मांडा. समजा एका पाउचला दुमडणे, चिकटवणे, शिवणे आणि गाठी मारणे धरून चाळीस मिनिटे लागली आणि दर १२ रुपये आहे. आठ तासांत १२ नग, म्हणजे १४४ रुपये. एक नग नापास झाला की १३२ राहिले. चामड्याचे ३० रुपये कापले की १०२. सुई, दोरा आणि वीज अजून वजा करायचीच आहे. २०१९ साली केंद्राने देशासाठी सांगितलेली तळाची मजुरी दिवसाला १७८ रुपये होती. ती आम्ही कधीच पुरेशी मानली नाही, आणि हा हिशेब तर तिच्याही खाली जातो. आपापल्या घरी आपला दर आणि आपले घड्याळ लावून पाहा. उत्तर फार वेगळे येणार नाही.

ठेकेदार म्हणतो, "मी मालक नाही, ती माझी नोकर नाही, मी फक्त माल विकत घेतो." ठीक आहे. मग चामडे कोणाचे? नमुना कोणाचा? दर कोणी ठरवला? नग नापास कोण करतो? १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नगावर काम करणारे शिंपी होते. त्यांतले काही कापड घरीही नेत. मालकाला काम नापास करून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार होता, आणि न्यायालयाने त्या शिंप्यांना कामगार मानले. चामड्यावरचे जे भोक दाखवून ठेकेदार मजुरी कापतो, तेच भोक तो मालक असल्याचा पुरावा आहे. नापास करणारा तो मालकच!

ठेकेदाराचा वकील म्हणेल, त्या खटल्यात मशिने मालकाची होती, इथे बाईची आहेत. त्याचेही उत्तर आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या दिली आहे. मालक साधने आणि कच्चा माल देतो की नाही याने काही फरक पडत नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

पण सरकारने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, दुसऱ्याचा माल स्वतःच्या घरी नेऊन तयार करून देणाऱ्याला सरळ कामगार म्हटले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा गेला आणि वेतन संहिता आली. तिच्या कामगाराच्या व्याख्येत हे वाक्य नाही. १९६६ च्या विडी कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले होते आणि नापास विड्यांचा व त्यांच्या मजुरीचा तंटा सोडवायला अधिकारी नेमण्याची तरतूद केली होती. तोही कायदा संहितांच्या पोटात गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला आजतागायत मान्यता दिलेली नाही.

आमच्यातलेच काही बांधव म्हणतात, हा बायकांचा हातखर्च आहे, युनियनने यात कशाला पडायचे? त्यांनी ग्रामीण डाक सेवकाला विचारावे. "तुझे काम अर्धवेळ, तुझे पोट दुसऱ्या धंद्यावर" हे ऐकवून खात्याने त्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद नागरी सेवेतले ठरवले, तरी त्याचा नियमित नोकरीचा लढा संपलेला नाही. रेल्वेतल्या कॅज्युअल मजुरालाही "तात्पुरता" म्हणत पिढ्या काढायला लावल्या. फुरसतीचा, अर्धवेळ, तात्पुरता ही तीन नावे एकाच पाकिटमाराची आहेत. आज जो मशीनवरच्या बाईचा खिसा कापतो, उद्या तो तुमच्या डेपोच्या गेटवर उभा असेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वेतन संहितेत सरकारला कोणालाही कामगार जाहीर करण्याचा अधिकार आहे. तो वापरून छत्तीसगड आणि महाराष्ट्र सरकारांनी घरी शिलाई करणाऱ्यांना कामगार जाहीर करावे. दर ठरवताना घड्याळ लावावे, आणि आठ तासांच्या नगांची मजुरी कुशल कामगाराच्या किमान वेतनाखाली जाऊ देऊ नये. सुई, दोरा, सोल्युशन आणि वीज मालकाच्या खात्यावर टाकावी. नापास नगाबद्दल चामड्याची किंमत कापणे बंद व्हावे.

आणि भगिनींनो, सरकारची वाट पाहत बसू नका. एक वही घाला. गठ्ठा कोणत्या तारखेला आला, किती नग, काय दर, किती नापास, किती पैसे हातात पडले, ते रोज लिहा. नापास नग परत करण्याआधी त्याचा फोटो काढा. एकटीने दर बोलू नका, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकच दर बोला. ही वही घेऊन शाखेत या. पुढचे भांडण आम्ही भांडू.

कामगार एकजुटीचा विजय असो!