पांढरा डाग भरून येतो, खड्डा नाही!

दाताची कीड आधी काळी नव्हे, पांढुरक्या डागासारखी दिसते. गोडामुळे तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम, फॉस्फेट झिरपून जाते. लाळ ते परत भरते. पेस्टमधल्या फ्लोराइडने ही डागडुजी जलद होते, शिवाय तो भाग आम्लापुढे जास्त टिकतो. खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्यच गाठावा लागतो.

यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातले जादा फ्लोराइडच दात बिघडवते. खडकवासल्याचे पाणी पिणाऱ्या पुणेकरांनी त्या धास्तीने, किंवा ‘केमिकल नको’ म्हणून, फ्लोराइडची पेस्ट टाळणे चुकीचे आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा. खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड बेसिनमध्येच जाते.