पॅनेलची परीक्षा होते, त्याच्या प्रवासाची कधी होणार?

भारताची सौरऊर्जा क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. राजस्थानातील भडला असो वा कर्नाटकातील पावगडा, तेथील मोठ्या प्रकल्पांवर पॅनेल सुटे येत नाहीत. ते पॅलेटवर रचून, पट्ट्यांनी आवळून येतात आणि वाटेत अनेकदा फोर्कलिफ्टच्या काट्यांवरून उचलले-ठेवले जातात. या हाताळणीत भरलेला पॅलेट कितपत टिकतो, याची चाचणी आपल्याकडे पॅनेलच्या प्रमाणनाचा सक्तीचा भाग व्हायला हवी.

पॅनेलची स्वतःची परीक्षा कडक असते. आयईसी ६१२१५ या मानकानुसार २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने पॅनेलवर आदळवला जातो. उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस या तापमानांदरम्यान पॅनेलला २०० वेळा फिरवले जाते. मात्र या चाचण्या सुट्या पॅनेलवर होतात. खोक्यात भरलेल्या पॅनेलच्या वाट्याला काय येते, हे त्या सांगत नाहीत.

त्याचा अंदाज शालेय भौतिकशास्त्रानेही बांधता येतो. सुमारे ३० किलोची तीसेक पॅनेल एका पॅलेटवर असली, तर एकूण भार एक टनाच्या आसपास जातो. असा पॅलेट १५ सेंटीमीटर उंचीवरून सुटला आणि खालचे लाकूड-पुठ्ठा मिळून १ सेंटीमीटर दबून तो थांबला, तर त्याची सरासरी मंदगती गुरुत्वत्वरणाच्या १५ पट असते. तेच वेष्टन ३ सेंटीमीटर दबले, तर ती ५ पटींवर येते. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, एवढाच हा हिशेब आहे. त्यात खडबडीत जमिनीवरून जाताना बसणाऱ्या हादऱ्यांची भर पडते. हादऱ्यांची वारंवारता काचेच्या स्वाभाविक कंपनवारंवारतेजवळ आली की अनुनाद होतो आणि छोटा हादराही मोठा ठरतो.

काचेमागे असलेली सिलिकॉनची चकती जेमतेम दीडशे मायक्रॉन जाडीची असते. तिला गेलेला सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही. अंधारात पॅनेलला बाहेरून वीज पुरवली की सेल मंद अवरक्त प्रकाश देतात. विशेष कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या प्रतिमेत तडे काळ्या रेषांसारखे उमटतात. पुढे दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने तडा वाढतो, सेलचा काही भाग विद्युतदृष्ट्या तुटतो आणि उत्पादन घटते. तोवर काही वर्षे लोटलेली असतात. तड्यावर तारीख लिहिलेली नसते. दोष कारखान्याचा, ट्रकचा, फोर्कलिफ्टचा की बसवताना पॅनेलवर पाय देणाऱ्याचा, हे तेव्हा ठरवता येत नाही. विमाही बहुधा फुटलेली काच पाहून मिळतो. न दिसणाऱ्या तड्याचा दावा कोण करणार?

म्हणूनच ही चाचणी आधी व्हावी लागते. तिची पद्धत नवी नाही. एएसटीएम डी ६०५५ हे मानक एकत्र बांधलेल्या भारांच्या यांत्रिक हाताळणीसाठीच आहे. आयईसीने २०१५ मध्ये ६२७५९-१ हे मानक खास पॅनेलच्या वाहतुकीसाठी आणले. भरलेला पॅलेट उचलायचा, अडथळ्यांवरून न्यायचा, त्याला कंपने आणि आघात द्यायचे आणि आधीच्या व नंतरच्या प्रतिमा ताडून पाहायच्या, इतके ते सरळ आहे.

मात्र परदेशी मानक जसेच्या तसे उचलूनही भागणार नाही. पुठ्ठ्याच्या चाचण्या अनेकदा २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत होतात. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याच्या खोक्याची भार पेलण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. चेन्नई किंवा कोलकात्याच्या बंदरात पावसाळ्यात उभा असलेला पॅलेट प्रयोगशाळेतील पॅलेटपेक्षा वेगळा असतो, तो यामुळे. प्रकल्पस्थळी गोदामासारखी सपाट फरशीही नसते.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. परंतु चाचणी प्रत्येक पॅलेटची नव्हे, वेष्टनाच्या प्रत्येक रचनेची करायची आहे. पंचवीस वर्षे वीज देण्याच्या हमीवर विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी काही पॅलेट खर्ची घालणे महाग म्हणता येत नाही.

भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थाही आहे. दोघींनी मिळून देशातील मार्गांवर त्वरणमापक बसवलेले पॅलेट पाठवावेत, हादऱ्यांची व आर्द्रतेची आकडेवारी जमवून ती सर्वांसाठी खुली करावी. भौतिकशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी यात अनेक प्रबंधांचे काम आहे. ज्याला अनेकजण निव्वळ हमालीचा प्रश्न समजतात, तो देशाच्या ऊर्जेचा प्रश्न आहे आणि तो मोजता येतो.