उभ्या आंसाची पवनचक्की आणि वर्धेचा वारा

यंत्राची परीक्षा जाहिरातीवरून करूं नये. तें ज्या भूमीवर उभें राहावयाचें त्या भूमीवरून करावी. हा नियम कास्तकारास नवा नाहीं. एकच बियाणें काळ्या कसदार वावरांत एक फळ देतें आणि मुरमाड बरडावर दुसरें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु यंत्राची गोष्ट निघाली म्हणजे हाच चतुर कास्तकार कित्येकदां आपली नेहमींची सावधगिरी बाजूस ठेवितो आणि छापील चित्रावर विसंबतो. उभ्या आंसाच्या लहान पवनचक्कीचें चित्र तर फारच मोहक असतें. तेव्हां या चक्कीची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण येथें पणास लागणारा पैसा हा हंगामाच्या कमाईचा पैसा आहे.

नेहमींच्या पवनचक्कीचा आंस आडवा असतो व तिचें तोंड वाऱ्याकडे वळवावें लागतें. उभ्या आंसाच्या चक्कीचीं पातीं खांबाभोंवतीं रहाटपाळण्यासारखीं पण आडवीं फिरतात. म्हणून वारा कोणत्याहि दिशेनें आला तरी तिला तोंड फिरवावें लागत नाहीं, आणि जनित्र खालीं जमिनीजवळ बसवितां येतें. ही कल्पना फार जुनी आहे. पूर्व इराणांत खुरासान प्रांतीं नश्तिफान येथें मातीच्या भिंती व लांकडी पातीं यांच्या अशा चक्क्या शतकानुशतकें धान्य दळीत आल्या. अर्वाचीन काळीं तिचे दोन घराणे झाले. पहिलें फिनलंडच्या सिगुर्ड साव्होनियस यांचें, १९२० नंतरच्या दशकांतलें. यांत पन्हळीच्या आकाराचे दोन अर्धगोल वाऱ्याच्या रेट्यानें फिरतात. दुसरें फ्रान्सच्या जॉर्ज दार्यूस यांचें, ज्यास अमेरिकेंत १९३१ सालीं पेटंट मिळालें. यांतलीं पातीं पक्ष्याच्या पंखासारखीं पातळ असून वाऱ्याच्या उचलीवर चालतात.

या दोहोंच्या गुणदोषांत प्रवेश करण्यापूर्वीं वाऱ्याचा एक अचल नियम ध्यानीं घ्यावा. वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनानें वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति आठपट होते, चौपट झाला तर चौसष्टपट. शिवाय वाऱ्यांतील सगळी शक्ति कोणतेंहि यंत्र काढून घेऊं शकत नाहीं. गॉटिंगेनचे आल्बर्ट बेट्झ यांनीं १९२० सालीं दाखवून दिलें कीं शंभरांतील ५९ हून थोडा अधिक भाग हीच त्याची अखेरची मर्यादा. मोठ्या आडव्या आंसाच्या चक्क्या ४० ते ४५ पर्यंत पोंचतात. लहान उभ्या चक्क्यांपैकीं साव्होनियस पद्धतीची १५ ते २०, आणि दार्यूस पद्धतीची चांगली बनविलेली २५ ते ३५ पर्यंत जाते. मग जनित्र व तारा यांतली घट वेगळीच.

आतां हिशेब मांडूं. समजा, चक्की दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच आहे. म्हणजे तिच्या झोताचें क्षेत्र चार चौरस मीटर झालें. सर्व घट धरून वाऱ्यांतील शक्तीचा पांचवा भाग हातीं येतो असें उदारपणें मानूं. आमच्याकडील तापलेली हवा विरळ असते, तिचें वजन दर घनमीटरास सुमारें १.१ किलो धरावें. दर सेकंदास १२ मीटर, म्हणजे ताशीं ४३ किलोमीटर वेगाचा वारा असला तर ही चक्की सुमारें ७६० वॅट देईल. छापील पत्रकांत जो मोठा आंकडा असतो तो बहुधा अशाच ११-१२ मीटर वेगावरचा. परंतु तोच वारा सेकंदास ३ मीटर, म्हणजे ताशीं ११ किलोमीटरांवर आला कीं तीच चक्की १२ वॅट देईल. यंत्र तेंच, खर्च तोच. वारा मात्र एकचतुर्थांश आणि उत्पन्न चौसष्टांश.

कोणी म्हणेल कीं वारा एकसारखा नसतो, मधूनमधून जोराचा येतो. तें खरें, आणि त्यामुळें वर्षाची सरासरी ३ मीटर असेल तेथें प्रत्यक्ष शक्ति या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट भरते. तेंहि धरिलें तरी दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज मिळेल. विदर्भाच्या उन्हांत एक किलोवॅटचे सौर पत्रे सरासरीनें दिवसाला सुमारें चार युनिटें देतात. म्हणजे माणसाच्या डोक्याहून उंच, फिरणारी, आवाज करणारी ही चक्की १३०-१४० वॅटच्या एका लहानशा पत्र्याची बरोबरी करील. आणि पत्र्यास ना बेअरिंग, ना तेलपाणी. पांच अश्वशक्तीचा पंप ४ मीटर वेगाच्या वाऱ्यावर थेट चालवावयाचा म्हटला तर झोताचें क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक लागेल. विहिरीच्या थाळ्यावर एवढें धूड कोण उभें करणार?

म्हणून चक्कीच्या रचनेचा विचार करतांना पहिलें स्थान क्षेत्रास द्यावें. विक्रेता किलोवॅट सांगेल. आपण रुंदी व उंची विचारावी. क्षेत्र लहान असून आंकडा मोठा असेल तर तो आंकडा वादळाचा समजावा.

दुसरें स्थान पात्यांच्या भरीवपणास. घेऱ्याच्या मानानें पातीं रुंद व अधिक असलीं कीं चक्की मंद वाऱ्यांत सहज सुरू होते, परंतु सावकाश फिरते. पातीं अरुंद व थोडीं असलीं कीं ती वेगानें फिरून अधिक वीज देते. पण तिला आरंभीं आपल्या बळावर उठतां येत नाहीं. दार्यूस पद्धतीचा हा मूळचाच दोष आहे. यावर उपाय म्हणून कित्येक कारागीर मध्यभागीं लहान साव्होनियस जोडतात. त्यानें आरंभ सुलभ होतो, पण वेग वाढल्यावर तोच भाग लोढणें होतो. ‘दोन मीटर वेगावर फिरूं लागते’ या वाक्यानें म्हणून भुलूं नये. फिरणें निराळें आणि वीज देणें निराळें.

तिसरें स्थान पात्याच्या आकारास. लहान चक्कीचें पातें एक वीतभर रुंद, वारा मंद. अशा स्थितींत हवा पात्यास नीट चिकटून वाहत नाहीं, व मोठ्या यंत्रांत उत्तम ठरलेला आकार येथें निस्तेज होतो. याकरितां लहान चक्कीस थोडीं जाड व रुंद पातीं मानवतात. पात्यांची संख्या दोनपेक्षां तीन असावी. दोन पात्यांच्या चक्कींत जोर हिसक्याहिसक्यानें येतो. पातीं मळसूत्रासारखीं वळविलीं तर हिसके आणखी कमी होतात, मात्र घडणावळ महाग पडते. साव्होनियस बनविणारानें दोन्ही टोंकांस घेऱ्याहून किंचित् मोठ्या तबकड्या लावाव्या आणि दोन अर्धगोलांच्या मध्यें थोडी फट ठेवावी. या दोन लहान गोष्टींनीं उत्पन्नांत चांगला फरक पडतो.

चौथें स्थान भुजा, बेअरिंग व रोध यांस. पातीं धरणाऱ्या आडव्या भुजा स्वतः वीज देत नाहींत, केवळ हवा कापीत शक्ति खातात. त्या थोड्या व निमुळत्या असाव्या. पण त्यांवर पडणारा ताण हलका नाहीं. तीन किलो वजनाचें पातें आंसापासून एक मीटर अंतरावर मिनिटास २०० फेरे घेत असेल तर तें सुमारें १३० किलो वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतें. शिवाय प्रत्येक फेऱ्यांत त्याजवरील वाऱ्याचा दाब एकदां आंत, एकदां बाहेर असा पालटतो. दोराहि आळीपाळीनें पिळला तर तुटतो. मग वेल्डिंगच्या जोडाची काय कथा! कॅनडांत क्वेबेक प्रांतीं काप-शा येथें ११० मीटर उंचीची दार्यूस चक्की उभारली होती. ती १९९३ सालीं खालच्या बेअरिंगच्या बिघाडानें कायमची थांबली. जेथें राष्ट्राची साधनसामग्री पाठीशीं होती तेथें ही गत, तर आर्वी-हिंगणघाटच्या खेड्यांत बेअरिंग बदलावयास कोण येणार, हें आधीं विचारून घ्यावें. उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळांत चक्की आपोआप थांबविणारा खात्रीचा रोध नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

पांचवें स्थान जागेचें. उभी चक्की घराच्या माळवदावर किंवा झाडांच्या आड चालते असें सांगतात. तिला वाऱ्याची दिशा बदलल्याचा त्रास होत नाहीं इतपत हें खरें. पण अडलेला वारा मंद असतो, आणि मंद वाऱ्याचा घन किती होतो हें वर पाहिलेंच. मोकळ्या रानांत १० मीटरांऐवजीं २० मीटर उंची दिली तर शक्ति सुमारें तृतीयांशानें वाढते. निंब, आंबा, संत्र्याची बाग अथवा गोठा यांच्या माथ्यावरून निदान १० मीटर उंच चक्की नसेल तर ती भोंवऱ्यांतच घुटमळते.

हे सर्व गुण साधले तरी मूळ प्रश्न उरतो. महाराष्ट्रांत वारा आहे, पण तो सर्वत्र नाहीं. सातारा जिल्ह्यांतील वनकुसवडे व चाळकेवाडी यांचीं पठारें, धुळे जिल्ह्यांतील ब्राह्मणवेल, कोंकणांत देवगड, आणि आमच्या बाजूस चिखलदऱ्याजवळील मोथा, अशा उघड्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वर्धा, धाम व बोर या नद्यांच्या खोलगट मैदानाची प्रकृति निराळी. आमचा वारा मे अखेरीपासून जुलैपर्यंत जोर धरतो, आणि ऑक्टोबरापासून जानेवारीपर्यंत पडून राहतो. नेमकें याच पडत्या दिवसांत गहूं व हरभरा ओलीत मागतात. आषाढांत वारा सुटतो तेव्हां विहिरीच्या पाण्याची गरज नसते. उन्हाळ्यांत संत्र्याच्या बागेस पाणी हवें असतें व वाराहि वाढूं लागतो, एवढी एक जुळणी खरी; पण त्याच दिवसांत ऊन तर वाऱ्याहून शतपटीनें भरंवशाचें असतें. खळ्यावर उपणणी करणाऱ्या म्हाताऱ्यांस विचारा. सूप हातीं घेऊन वाऱ्याची वाट पाहण्यांत किती प्रहर गेले तें ते सांगतील.

आमच्या या मतावर एक आक्षेप सद्भावानें घेतला जाईल. वर्धा ही ग्रामोद्योगाची भूमि. येथें मगनवाडींत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें कार्य चाललें, आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं सांठ्याची अर्थव्यवस्था व प्रवाहाची अर्थव्यवस्था यांतला भेद समजावून दिला. कोळसा व तेल हा सांठा, उपसला कीं संपला. सूर्य, वारा, वाहतें पाणी हा नित्य प्रवाह. मग याच जिल्ह्यांत वाऱ्याच्या यंत्रास विरोध कां? आमचें उत्तर असें कीं, प्रवाहावर जगावयाचें तर ज्याच्या दारांत जो प्रवाह वाहतो तो त्यानें घ्यावा. साताऱ्याच्या पठारास वारा मिळाला, आम्हांस ऊन मिळालें. राज्यांत २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वांटा किंमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठरविण्यांत आला. ओलिताच्या कामीं त्या वाटेनें जाणें हेंच कुमारप्पांच्या विचाराशीं अधिक सुसंगत होय.

तथापि चक्कीस सर्वस्वीं हद्दपार करावें असें आम्ही म्हणत नाहीं. जागलीच्या मचाणावर दिवा, मोबाईलची बॅटरी, रोही व रानडुकरें यांजपासून पीक राखणाऱ्या तारेच्या कुंपणाचें झटका-यंत्र, अशीं थोड्या वॅटचीं कामें आहेत. पावसाळ्यांत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाहीं, आणि वारा तेव्हांच असतो. अशा वेळीं सौर पत्र्याच्या जोडीस लहान चक्की उपयोगी पडेल. दोनशे लिटरचें पिंप उभें चिरून गांवच्या लोहाराकडून साव्होनियस करवून घेतलें तर प्रयोगास खर्चहि बेताचा येतो. जिल्ह्याच्या उत्तरेस आष्टी-कारंज्याकडील टेकड्यांवर एखादी जागा अपवाद ठरणें अशक्य नाहीं.

पण अपवाद मोजून सिद्ध करावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, कोणा एकानें चक्की घेण्यापूर्वीं आपल्या संस्थेनें वर्गणी करून वाऱ्याचा वेग मोजणारीं दोन यंत्रें घ्यावीं. एक उत्तरेच्या टेकडीवर व एक देवळी-हिंगणघाटच्या सपाटीवर, १० मीटर उंच खांबावर बसवावें. आणि पूर्ण १२ महिने तासातासाची नोंद ठेवून ती या मासिकांत छापावी. एका महिन्याच्या, विशेषतः जूनच्या, नोंदीवर कोणीं भुलूं नये. दरम्यान विक्रेता दारीं आला तर त्याजकडून पांच गोष्टी लेखी घ्याव्या: झोताचें क्षेत्र, ३, ४ व ५ मीटर वेगावर मिळणारे वॅट, वादळांतील रोध, बेअरिंगची मुदत, आणि दुरुस्तीस येणाऱ्याचा ठावठिकाणा. जो हें लिहून देईल त्याशीं बोलणें करावें. जो टाळील त्यास पाणी पाजून, गोड बोलून परत पाठवावें.

नवें यंत्र नाकारणें हा शहाणपणा नव्हे, तसेंच तें न मोजतां घेणें हाहि नव्हे. वाऱ्यावर विसंबून बी पेरणारा कास्तकार आम्हीं पाहिला नाहीं; वाऱ्यावर विसंबून त्यानें पैसाहि पेरूं नये.