कावळा, फांदी आणि टेनिसचे वेळापत्रक

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो तेव्हा दोन घटनांचा संबंध निव्वळ योगायोगाचा आहे, असे सुचवायचे असते. संस्कृत शास्त्रकारांनी या अनुभवाला काकतालीय न्याय असे नाव दिले. व्यावसायिक टेनिसमधील दुखापतींविषयी जो वाद गेली काही वर्षे चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. जवळजवळ अकरा महिने चालणारे स्पर्धांचे वेळापत्रक आपली शरीरे मोडीत आहे, असे अनेक खेळाडूंचे म्हणणे आहे. उलटपक्षी, दुखापती पूर्वीही होत होत्या आणि प्रत्येक दुखापतीचे कारण वेगळे असते, असे वेळापत्रकाचे समर्थक म्हणतात. प्रश्न क्रीडांगणावरचा खरा. परंतु ‘कारण’ हा शब्द आपण किती जबाबदारीने वापरतो, याचीही त्यात परीक्षा आहे. म्हणून साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्यात अनौचित्य नसावे.

हा वाद आजचा नाही. १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकणाऱ्या बियाँ बोर्गने १९८२ साली विश्रांतीसाठी कमी स्पर्धा खेळण्याचे ठरविले. वर्षातून किमान दहा स्पर्धा खेळण्याची हमी न दिल्यास त्याला मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळणार नाही, पात्रता फेरीतून यावे लागेल, असा नियम त्याच्यापुढे ठेवण्यात आला. बोर्ग नमला नाही आणि १९८३ च्या आरंभी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच काळात अमेरिकेची ट्रेसी ऑस्टिन १९७९ मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकन विजेती झाली आणि पाठीच्या दुखण्यांमुळे विशी उलटताच तिची कारकीर्द जवळजवळ संपली. तेव्हापासून आजवर चेंडू, रॅकेट, मैदाने आणि बक्षिसांचे आकडे सारे बदलले. ‘किती खेळावे हे कोणी ठरवायचे?’ हा प्रश्न मात्र होता तेथेच आहे.

आजच्या वेळापत्रकाची रचना पाहावी. चार ग्रँड स्लॅम स्पर्धा, पुरुषांसाठी नऊ मास्टर्स स्पर्धा आणि त्यांतील आठ आघाडीच्या खेळाडूंना बंधनकारक. महिलांच्या संघटनेने तर २०२४ पासून आघाडीच्या खेळाडूंवर चार ग्रँड स्लॅम, १००० गुणांच्या दहा आणि ५०० गुणांच्या सहा स्पर्धांचे बंधन घातले. एका आठवड्यात आटोपणाऱ्या माद्रिद, रोम, शांघाय यांसारख्या पुरुषांच्या कित्येक मास्टर्स स्पर्धा २०२३ पासून बारा दिवसांच्या झाल्या; २०२५ मध्ये कॅनडा आणि सिनसिनाटी यांचीही त्यांत भर पडली. शिवाय मिळविलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे ज्या आठवड्यात गतवर्षी जिंकलो, त्या आठवड्यात यंदा विश्रांती घेतली, तर क्रमवारी घसरते. येथे विश्रांतीची किंमत गुणांनी मोजावी लागते.

परंतु एवढ्यावरून वेळापत्रकाला दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. अँडी मरेचे उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये त्याने ८७ सामने खेळून ७८ जिंकले. वर्षाच्या उत्तरार्धात बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस आणि लंडन अशा ओळीने पाच स्पर्धा जिंकून तो जगात पहिला आला. पुढच्याच वर्षी विम्बल्डनला तो लंगडताना दिसला आणि २०१८ व २०१९ मध्ये त्याच्या खुब्यावर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली. आधी अतिश्रम, मग मोडतोड: कथा म्हणून ही मांडणी मोहक आहे. परंतु त्याच्या खुब्याची झीज जुनी होती. तितकेच सामने खेळूनही ज्यांना काही झाले नाही, त्यांची कथा कोणी सांगत नाही. ‘नंतर झाले म्हणून त्यामुळे झाले’ असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे.

तरीही येथे कारणाच्या दोन जाती वेगळ्या कराव्या लागतात. आपल्या दर्शनांनी उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद केला आहे. तो येथे जसाच्या तसा लागू होत नाही, पण दृष्टान्त म्हणून उपयोगी पडतो. पाय मुरगळणे, आखडलेला स्नायू फाटणे हे निमित्त. ते एका क्षणात घडते आणि कॅमेऱ्यात दिसते. झीज ही ज्यातून दुखापत घडते ती माती. ती दिसत नाही. हाड, स्नायू आणि कंडरा यांना श्रमाने सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून येते. किंबहुना भरून येताना ते अधिक बळकट होतात. हा भरण्याचा अवधी वारंवार तोडला की त्याच सूक्ष्म इजेतून हाडाला केसासारखी चीर पडते, कंडरा दुखावते. तेव्हा वेळापत्रक एखादी विशिष्ट दुखापत घडविते असे नव्हे; ते दुरुस्तीचा काळ खाऊन टाकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हंगामाच्या अखेरीस, स्टॉकहोम येथे होल्गर रून याच्या टाचेची कंडरा तुटली. ती वेळापत्रकानेच तुटली, असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. पण ‘सिद्ध करता येत नाही’ याचा अर्थ ‘संबंध नाही’ असा होत नाही.

खेळाडूंच्या विरुद्ध एक आक्षेप मात्र गंभीर आहे. २०२४ मध्ये वेळापत्रकाविरुद्ध तीव्र शब्दांत बोलणारा कार्लोस अल्काराझ त्याच वर्षी रियाधमधील प्रदर्शनीय सामने खेळला. बोर्गही प्रदर्शनीय सामने खेळतच होता. मग थकवा खरा की सोयीचा? मला वाटते, या आक्षेपात तथ्य आहे. पण तो मूठभर आघाडीच्या खेळाडूंपुरता आहे. त्यांना निवड करता येते.

ज्यांना निवडच नाही, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे गांभीर्य कळते. सुमित नागलच्या खुब्यावर २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. भारतातील पहिल्या क्रमांकाचा हा खेळाडू सप्टेंबर २०२३ मध्ये सांगत होता, की बँकेत आपल्या नावावर ९०० युरो शिल्लक आहेत. पुढे २०२४ मध्ये तो ६८ व्या क्रमांकापर्यंत चढला. अशा खेळाडूला कोणतीही स्पर्धा बंधनकारक नसते. त्याला बांधतो तो विमानाचा आणि प्रशिक्षकाचा खर्च. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ पासून होणारी महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर तेथे झाली नाही. त्या दर्जाचे गुण घरच्या अंगणात मिळविण्याची वाटही अशी बंद झाली. सानिया मिर्झाने मनगट आणि गुडघ्याच्या दुखण्यांनंतर २०१३ मध्ये एकेरी सोडली. अर्धे मैदान वाट्याला आल्यावर तेच शरीर तिला २०१५ मध्ये दुहेरीच्या अग्रस्थानी घेऊन गेले आणि २०२३ पर्यंत टिकले. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही, हे खरे. पण भार आणि आयुष्य यांच्या नात्याची ही बोलकी खूण आहे.

याहून महत्त्वाची साक्ष नियमपुस्तकांची आहे. महिलांच्या संघटनेने १९९५ पासून अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा घातली. ६०० सामने, १२ वर्षांची सेवा किंवा ३१ वर्षांचे वय गाठलेल्या खेळाडूंचे बंधन सैल करण्याची तरतूद पुरुषांच्या संघटनेने केली. कोवळ्या आणि थकलेल्या शरीराला वेळापत्रक झेपत नाही, ही त्यांचीच कबुली होय. मग मधल्या वयाचे शरीर पोलादाचे असते काय?

व्यवस्थेची अडचण अशी, की टेनिसचे कारभारी सात आहेत: चार ग्रँड स्लॅम, दोन संघटना आणि एक आंतरराष्ट्रीय महासंघ. संपूर्ण वेळापत्रक कोणा एकाचे नाही, म्हणून दोषही कोणा एकाचा नाही. मार्च २०२५ मध्ये खेळाडूंच्या एका संघटनेने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला, त्यात वेळापत्रकाचीही तक्रार होती. न्यायालय पुरावा मागेल, आणि ते योग्यच आहे. परंतु विश्रांतीसाठी प्रत्येक दुखापतीचा पुरावा मागणे योग्य नव्हे. हंगामात दोन महिन्यांचा अखंड विराम, विश्रांतीच्या आठवड्यांत गुणांना संरक्षण आणि खालच्या पायरीवरील खेळाडूंना जगण्यापुरते वेतन, या मागण्यांसाठी झिजेचे साधे ज्ञान पुरेसे आहे.

कावळा बसला म्हणून फांदी मोडली नाही, हे मान्य. पण बागेतील एकामागून एक फांदी मोडू लागली, तर माळ्याने कावळ्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये; झाडाला पाणी किती मिळते, तेही पाहावे.