संमोहनात आठवलेलं सगळं खरं असतं का?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १ सप्टेंबर २०२३ पासून एक नवा कायदा लागू झाला. स्मरणशक्ती वाढावी म्हणून पोलिसांनी संमोहन केल्यावर मिळालेला जबाब फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. त्याच राज्यात अनेक वर्षे पोलिसांना संमोहनाचे प्रशिक्षण दिले जात होते. मग मत का बदलले?

आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे

आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती दरवेळी नव्याने जुळवतो. मधल्या रिकाम्या जागा ऐकीव माहितीने, कल्पनेने भरल्या जातात. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे होते. मॉलमध्ये हरवल्याचा चौथा रचलेला होता. तरीही सुमारे पाव लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. इथे संमोहन केलेलेही नव्हते.

संमोहनाने काय होते?

संमोहित अवस्थेत माणूस सूचना सहज स्वीकारतो आणि कल्पनाचित्रे ठळक होतात. 'तिथे अजून कोण होतं?' एवढा प्रश्नही पुरतो. त्यातून जास्त तपशील मिळतात, पण खऱ्यासोबत चुकीचेही येतात. शिवाय त्यांच्याबद्दल खात्री वाढते. माणूस खोटे बोलत नसतो. त्याला ते मनापासून खरे वाटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच हा धोका सांगितला होता.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

संमोहन टाकाऊ नाही. वेदना, चिंता, आयबीएस यांत काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो. मात्र 'दडलेली आठवण' किंवा 'पूर्वजन्म' शोधून देतो असे कोणी म्हणत असेल, तर सावध राहा. अशा सत्रातून जवळच्या नातेवाइकावर आरोप झाल्यास घर मोडू शकते.

याचा अर्थ अत्याचाराची प्रत्येक आठवण खोटी असाही नाही. कोणी असे काही सांगितले तर आधी शांतपणे ऐका. खोदून किंवा सुचवणारे प्रश्न विचारू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. बालक असेल तर चाइल्डलाइन १०९८ वर संपर्क साधा.