काचेस छिद्र पाडण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या माशांच्या टाकीने आम्हांस एक धडा दिला. घरात मासे पाळणाऱ्या कुटुंबांस तो उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

आमची टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच. तिच्या खाली कपाटात दुसरी लहान टाकी ठेवलेली असे. या खालच्या टाकीस जाणकार ‘सम्प’ म्हणतात. वरचे पाणी तीत उतरते, स्पंजातून गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. त्यामुळे पाण्याचा एकूण साठा वाढतो, वरची तेलकट साय निघून जाते व माशांस निर्मळ पाणी मिळते. पाणी खाली उतरविण्यासाठी टाकीस छिद्र पाडावयास हवे होते. पण काच तडकेल या भीतीने आम्ही काठावर पेटी टांगून वाकड्या नळीवर काम भागविले.

एका रात्री वीज गेली आणि नळीत हवा शिरली. पहाटे वीज येताच पंप चालू झाला. नळी मात्र वाहिना. खालचे पाणी वर चढत राहिले व काठावरून जमिनीवर आले. तांदळाची गोणी भिजली, पंप कोरडा फिरून जळाला. मासे तेवढे वाचले. आमच्या नातवाने विचारले, “आजोबा, आता मासे बादलीतच राहणार का?” त्याच दिवशी आम्ही छिद्र पाडावयाचे ठरविले. छिद्रातून पाणी आपल्याच भाराने खाली पडते. नळीत हवा शिरून प्रवाह तुटण्याची भीती तेथे राहत नाही.

प्रथम काच ओळखावी. टफन केलेल्या काचेस छिद्र पाडू गेल्यास ती क्षणात चुरा होते. कित्येक टाक्यांचा तळ अशा काचेचा असतो. परीक्षा सोपी आहे. संगणकाचा पांढरा पडदा काचेमागे ठेवावा. उन्हात वापरण्याचा पोलराइज्ड चष्मा घेऊन तो पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा. मधल्या काचेत उजळ वा रंगीत पट्टे उमटले, तर तिला हात लावू नये. विकत घेतानाच चौकशी केलेली बरी.

छिद्र मागच्या काचेस, वरच्या बाजूस घ्यावे. छिद्राच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान छिद्राच्या व्यासाएवढे अंतर असावे. जोडणी हाती घेऊन, तिचे आटे मोजून, मगच पाते घ्यावे. एक इंची जोडणीस एक इंचाहून बरेच मोठे छिद्र लागते. शक्य तर दोन छिद्रे करावीत. एकात पान वा गोगलगाय अडकली, तर दुसरे घर वाचविते.

टाकी पूर्ण रिकामी करून, गोधडीवर पालथी घालावी, म्हणजे मागची काच वर येते. आतल्या बाजूस चिकटपट्टी लावावी. बाहेर शाडूच्या मातीचे गोल आळे करून त्यात पाणी भरावे. पाते हिऱ्याची कणी लावलेले हवे. यंत्र बॅटरीवर चालणारे असावे, कारण विजेची तार आणि पाणी यांची संगत वाईट. डोळ्यांवर चष्मा घालावा. भोक पाडलेला प्लायवूडचा तुकडा काचेवर धरला, म्हणजे पाते घसरत नाही.

गती मंद ठेवावी व दाब देऊ नये. यंत्राचा भार पुरेसा असतो. पाणी सतत असावे. ६ मिलिमीटर जाडीस दहा मिनिटे लागली तरी ती फार नव्हेत. आम्ही आधी जुन्या खिडकीच्या काचेवर सराव केला. पहिला तुकडा अगदी शेवटी तडकला, कारण काम संपत आले म्हणून आम्ही जोर केला. खरे पाहता तेथेच हात हलका करावयाचा असतो.

जोडणीचा रबरी वायसर पाण्याच्या बाजूस, कडेखाली बसवावा. चाकी हाताने आवळावी व वर थोडासाच पीळ द्यावा.

आता वीज गेल्याचा हिशोब. आमच्या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ लिटर. पंपाच्या नळीचे तोंड पाण्यात ५ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर वीज जाताच सुमारे २० लिटर पाणी उलटे खाली येते. म्हणून ते तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम २ सेंटिमीटर ठेवावे आणि सम्पमध्ये तेवढी जागा नेहमी रिकामी असावी. उलटे पाणी अडविणाऱ्या झडपेवर विसंबू नये. तीत कचरा अडकतो.

सर्व जुळल्यावर भर दिवसा आपल्याच हाताने पंप बंद करून पाहावा. पाणी उतरून स्थिर झाले व सम्प भरून वाहिला नाही, म्हणजे पंप पुन्हा चालू करावा. चालू असताना खालचे पाणी जेथे ठरते, तेथे खूण करावी व त्यावर कधीही पाणी भरू नये. आमची खूण नातवाने खडूने केली होती. ती पुसू लागली, तेव्हा त्याने आपण होऊन तीवर रंगाची रेघ ओढली. तेव्हापासून वीज कितीदा तरी गेली, पण गोणी कोरडी आहे.