अक्षर दिसते एक, संगणकात असतात दोन

१/ १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे कर्जखते जळाली. १८७९ चा दख्खनचा कृषक साहाय्य कायदा याच उठावाच्या पोटी आला. हा इतिहास मराठी मजकुरात शोधायचा तर ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द टाळता येत नाही. आणि नेमका तोच शब्द, फाइलमध्ये डोळ्यांसमोर असूनही, लिनक्सच्या ‘ग्रेप’ या शोध-आज्ञेला पुष्कळदा सापडत नाही.

२/ अशा वेळी दोष फॉन्टवर ढकलला जातो. कोणी तर संपूर्ण प्रणाली पुन्हा बसवतो. दोन्ही श्रम व्यर्थ. विकार आकारात नसून साठवणीत आहे. ‘शेतकऱ्यांचा’ आणि ‘शेतकर्‍यांचा’ यांत डोळ्यांना भेद दिसत नाही. पण ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेने बाइट मोजावेत. पहिल्या शब्दात ३३, दुसऱ्यात ३६.

३/ ते तीन बाइट एका अदृश्य जोडचिन्हाचे. युनिकोडमध्ये मराठीचा हा आडवा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि ते जोडचिन्ह. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. युनिकोडचे नेहमीचे एनएफसी प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही.

४/ सर्वांत घातक उपाय म्हणजे सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसणे. मग ‘शेतकर्यांचा’ असा विद्रूप शब्द उरतो, आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात! स्वयंपाकघरातून थेट गुरुकुलात. ‘सेड’ने केवळ ‘र-हलन्त-जोडचिन्ह’ ही तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ-हलन्त’ बसवावे, तेही शोधासाठी काढलेल्या प्रतीत. मूळ फाइल मूळ कागदाइतकीच अस्पर्श राहिली पाहिजे.

५/ इंग्रजी गॅझेटिअरात शिरूर ‘सिरूर’ होते, हे अभ्यासक जाणतात आणि दोन्ही नावांनी शोधतात, कारण तो फरक दिसतो. न दिसणाऱ्या फरकाचा भार मात्र वाचकावर टाकणे अन्यायाचे आहे. मराठी दस्तऐवज संगणकावर आणणाऱ्या प्रत्येक संस्थेने शोधसूची करण्यापूर्वीच हे एकरूपीकरण करावे. अन्यथा १८७५ चा कागद संग्रहात असेल, आणि शोधणारा विद्यार्थी ‘नोंद नाही’ असे लिहून पुढे जाईल.